पानिपत, इसवी सन ३६६१

१/
एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत 'डेट' हा फॉर्म्युला लिहावा आणि कंसात १७६१, १, १४ हे तीन आकडे भरावेत. उत्तर येते: १४ जानेवारी ३६६१. म्हणजे पानिपत अजून व्हायचे आहे. भाऊसाहेबांना दक्षिणेतून कूच करायला सोळाशेहून अधिक वर्षांचा अवकाश आहे.

धागा लांबचा आहे. विषय: तारखेची अट घालून कागद मोजणे, आणि त्या मोजणीच्या जोरावर इतिहासाविषयी केली जाणारी बेधडक विधाने.

२/
हा चमत्कार कसा घडतो, ते आधी पाहू. एक्सेलच्या लेखी काळाचा आरंभ १ जानेवारी १९०० रोजी होतो. त्या दिवसाचा क्रमांक १. पुढचा प्रत्येक दिवस म्हणजे एकेक चढता आकडा. डेट या फॉर्म्युल्यात १९०० पेक्षा लहान वर्षांक दिला, तर प्रोग्राम आपल्या मनाने त्यात १९०० मिळवतो. १७६१ मध्ये १९०० मिळवले की ३६६१. याच प्रोग्रामला १९०० हे लीप वर्ष वाटते. २९ फेब्रुवारी १९०० या कधीच न उगवलेल्या दिवसाला त्याने ६० हा क्रमांक बहाल केला आहे. ही चूक मुळात लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रामची. त्यातल्या जुन्या शीट बिघडू नयेत म्हणून ती जाणूनबुजून सांभाळली गेली. परंपरा केवळ दफ्तरखान्यातच जपल्या जातात असे नाही.

३/
इथवर विनोद आहे. खरी अडचण मोजणीची आहे. समजा, कोणी पेशवेकालीन पत्रांची यादी केली आणि तारखेच्या रकान्यात १४/०१/१७६१ असे लिहिले. एक्सेल ती तारीख मानतच नाही. साधा मजकूर म्हणून ठेवून देते. मग 'काउंटइफ्स' लावून विचारले, की १७६१ च्या १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंतची पत्रे किती? अट डेट फॉर्म्युल्याने घातली असेल तर उत्तर शून्य. लाल खूण नाही, इशारा नाही. अट अवतरणचिन्हांत लिहिली असेल तर तारखांची तुलना अक्षरक्रमाने होते आणि जो आकडा येतो त्याला काही अर्थच नसतो. यादी १६३० ते १९४७ अशी लांब असेल, तर १९०० नंतरचेच कागद मोजले जातात आणि आधीची पावणेतीनशे वर्षे गुपचूप गळतात.

शून्य पाहून माणूस दचकतो. अर्धवट आकडा पाहून मात्र कोणी दचकत नाही. तो स्तंभालेखात सुंदर दिसतो.

४/
गेली काही वर्षे इतिहासप्रेमी तरुणांमध्ये अशा स्तंभालेखांचा सुकाळ आहे. अमक्या पेशव्याच्या काळात मोहिमा किती, तमक्या साली पत्रव्यवहार किती वाढला, किती घटला. खाली एक ओळ: 'आकडे खोटे बोलत नाहीत.' आकडे बोलतच नाहीत. त्यांना बोलते करणारी अट असते, आणि ती अट चित्राखाली कोणी लिहीत नाही. या धाग्याचा आक्षेप नेमका तिथे आहे. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' ही अट दिसायला गणिताची असली, तरी वर्ष कुठे सुरू होते, दिवस कधी संपतो आणि कागदावरच्या तीन तारखांपैकी कोणती त्या कागदाची, याविषयीचे ते एक ऐतिहासिक विधान असते. विधान लपवून आकडा पुढे करणाऱ्याला पुरावा दिल्याचे श्रेय मिळू नये.

५/
हे पुस्तकी खुसपट वाटत असेल, तर दफ्तरखान्यात शिरण्यापूर्वी भिवंडीला जावे. शहराला लागून असलेल्या शेलार गावापासून चहूकडे पाहिले तर हा सारा टापू यंत्रमाग आणि गोदामांचा. तारखेची अट घालून नोंदी मोजणे हे तिथले रोजचे काम: या महिन्यात आवक किती, जावक किती, किती बिल्ट्या पडून आहेत. हा फॉर्म्युला मुळात अशाच कामासाठी जन्माला आला.

आणि तिथेच त्याची पहिली ठेच लागते. ३१ मार्चच्या रात्री अकरा वाजता गोदामातून माल सुटला. नोंदीत तारखेसोबत वेळही आहे. वर्षअखेरच्या अहवालात अट घातली आहे: ३१ मार्च किंवा त्याआधी. तो ट्रक मोजला जात नाही. कारण नुसती '३१ मार्च' ही तारीख यंत्राच्या लेखी ३१ मार्चचा पहिला क्षण, आदल्या मध्यरात्रीचा. त्यानंतरचा अख्खा दिवस अटीबाहेर. पुढच्या वर्षाची अट '१ एप्रिलपासून' असल्यामुळे तो त्या वर्षातही बसत नाही. वर्षातला सर्वांत धावपळीचा दिवस दोन्ही वर्षांच्या मधल्या फटीत पडतो. जाणता कारकून म्हणून अट वेगळी लिहितो: '१ एप्रिलच्या आधी'.

६/
त्याच ट्रकला तारखाही तीन. चलानावरची एक, फाटकावरच्या वहीतली दुसरी, संगणकात नोंद चढवली ती तिसरी. महिन्याच्या टोकाला या तीन तारखा तीन वेगळे अहवाल देतात आणि तिन्ही बरोबर असतात. यंत्रमागावर रात्रपाळी मध्यरात्र ओलांडते. तिने विणलेले कापड कालचे की आजचे? पंधरवड्याच्या शेवटच्या रात्री हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहत नाही. मजुरी या हिशेबात की पुढच्या, हे त्यावर ठरते. कारखान्यात त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते: पाळी सुरू झाली तो दिवस, किंवा संपली तो. उत्तर कोणतेही असो, ते सर्वांना ठाऊक असते.

वर्षाचेही तेच. कंपनीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्याच गावच्या तलाठ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला. गावातल्या एखाद्या जुन्या पेढीवर नवी वही दिवाळीत पुजली जाते. एकाच शेलारात तीन 'यंदा' नांदतात आणि कोणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाला आपापला 'यंदा' माहीत आहे. गोंधळ होईल तो शंभर वर्षांनी, या तिन्ही वह्या एकत्र करून कोणी नुसता 'वर्ष' असा रकाना आखला तर.

७/
आता दफ्तरखान्यात शिरू. पेशवाईतला कारकून कागदावर काळ कसा नोंदवी? वर्ष बहुधा शुहूर सनाचे, म्हणजे अरबी सनाचे. आणि तेही अंकांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष सौर. सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते पालटते, जूनच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस, पेरणी आणि महसूल यांच्याशी जोडलेले असे हे वर्ष. शुहूर सनात ५९९ मिळवले की त्या वर्षाच्या आरंभीचे इसवी वर्ष मिळते. जानेवारी उलटल्यावर ६०० मिळवायचे.

८/
पानिपत ११६१ या शुहूर सनातले. आता हिशेब पाहा. भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली ऑगस्ट १७६० मध्ये, कुंजपुरा घेतला ऑक्टोबरात, युद्ध झाले १४ जानेवारी १७६१ रोजी. तिन्ही घटना एकाच शुहूर वर्षात. त्या वर्षाचा कारकून या मोहिमेकडे एक सलग हंगाम म्हणून पाहत होता. उलट १७६१ च्या जूनमध्ये, २३ तारखेला, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले ते पुढच्या शुहूर वर्षात, ११६२ मध्ये.

इसवी सनाची अट लावली की हे चित्र उलटेपालटे होते. मोहिमेची कापणी १ जानेवारीला होते, रणसंग्रामाच्या अवघे तेरा दिवस आधी. दिल्लीपासून वेढ्यापर्यंतचा सगळा पत्रव्यवहार १७६० च्या खात्यावर जातो. १७६१ च्या खात्यावर पराभव, शोध, निर्वाणीच्या बातम्या आणि पेशव्यांचा मृत्यू. मग कोणी दोन स्तंभ शेजारी काढून म्हणतो, की १७६१ मध्ये मराठ्यांची बातमीची यंत्रणा कोसळली. कोसळली असेलही. पण त्या दोन स्तंभांनी ते सिद्ध होत नाही. तिथे मोजली गेली आहे ती १ जानेवारी. त्या मोहिमेतल्या कोणाही मराठी माणसाला त्या दिवसाचे महत्त्व नव्हते.

९/
महिना आणि दिवस यांची कथा आणखी रंजक. शुहूर वर्ष सौर. पण त्याच कागदावर अनेकदा तारीख असते ती हिजरी, चांद्र महिन्याची, आणि तिच्या मागे 'छ' हे अक्षर. छ म्हणजे चंद्र. सौर वर्ष ३६५ दिवसांचे, चांद्र वर्ष ३५४ चे. म्हणून एका शुहूर वर्षात सुमारे अकरा चांद्र तारखा दोनदा येतात: एकदा वर्षाच्या तोंडाशी, एकदा अखेरीस. अशा तारखेचे पत्र हाती आले तर साल आणि तारीख दोन्ही स्वच्छ वाचता येऊनही ते पत्र पावसाळ्याच्या आरंभीचे की पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटचे, हे नुसत्या तारखेवरून सांगता येत नाही. वार दिला असेल तर वार, नाहीतर आतला मजकूर. यंत्राला असा कागद दिला तर ते दोहोंपैकी एक दिवस निवडते आणि पुढे जाते.

दिवसाच्या सीमेचेही तसेच. चांद्र तारीख सूर्यास्ताला पालटते, पंचांगाची तिथी व्यवहारात सूर्योदयाला धरतात, यंत्राची तारीख मध्यरात्रीला. रात्री झालेल्या घटनेला तीन तारखा सांगणारे तीन कागद सापडले म्हणून कोणी खोटा ठरत नाही. शेलारच्या रात्रपाळीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

१०/
आणि ज्या पत्रांवर नुसती तिथी आहे, सालच नाही, त्यांचे काय? अशी पत्रे अपवादात्मक नाहीत. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असे. ते लिहायचे कशाला? राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निघाले. या थोर संपादकांनी अशा कागदांची साले मजकुरावरून, वारावरून, जंत्रीवरून ठरवली. ते अनुमान होते, बहुधा उत्तम अनुमान. पण शीटच्या रकान्यात ते उतरले की अनुमान आणि मूळ नोंद यांच्यातला भेद पुसला जातो. एखाद्या साली पत्रांची संख्या एकाएकी वाढलेली दिसली, तर ती लेखकांची लगबग आहे की संपादकाने शंकास्पद कागद त्या गाजलेल्या वर्षाच्या पदरात टाकले आहेत, हे सूत्र सांगू शकत नाही. शिवाय निवडक खंडांतील कागद मोजणे म्हणजे संपादकाची निवड मोजणे. ही गोष्ट तर लहान मुलालाही कळावी, तरीही ती दर महिन्याला नव्याने सांगावी लागते.

११/
भिवंडीच्याच इतिहासात याचा चोख नमुना आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली त्याची रूढ तारीख २४ ऑक्टोबर १६५७. शके १५७९, आश्विन वद्य द्वादशी. दिवाळी तोंडावर आली होती. ही इंग्रजी तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. आज भिंतीवर असलेल्या ग्रेगरियन कालदर्शिकेने तोच दिवस ३ नोव्हेंबर १६५७ ठरतो. महिन्यावार मोहिमा मोजणाऱ्याने भिवंडी ऑक्टोबरात धरायची की नोव्हेंबरात? कुठेही धरावी, मात्र सगळ्या मोहिमा एकाच पद्धतीने धराव्यात. तसे होत नाही. कारण मराठी आणि इंग्रज साधनांतून आलेल्या तारखा ज्युलियन आणि पोर्तुगीज साधनांतून आलेल्या ग्रेगरियन अशी सरमिसळ यादीत सर्रास असते.

१२/
भिवंडीहून वसई फार दूर नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीची तारीख काही पुस्तकांत ५ मे आहे, काहींत १६ मे. दोन तट पडून वाद घालावा असे इथे काहीच नाही: अठराव्या शतकात दोन्ही पद्धतींत बरोबर अकरा दिवसांचे अंतर होते. पोर्तुगीज १५८२ पासून नव्या पद्धतीने लिहीत, मुंबईकर इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या. वसईच्या तटाच्या आतला आणि मुंबई बेटावरचा माणूस एकाच सकाळी दोन तारखा लिहीत होते. पण यादी करणाऱ्याने दोन्ही पुस्तके चाळली, दोन्ही तारखा उतरवल्या आणि 'मे १७३९ मधील तह किती' असे विचारले, तर एक्सेल प्रामाणिकपणे सांगेल: दोन.

१३/
इंग्रजांच्या कागदांत आणखी एक खड्डा. १७५२ पूर्वी त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. सुरतेची पहिली लूट आपल्या हिशेबाने जानेवारी १६६४ ची. त्यांच्या हिशेबाने १६६३ अजून संपायचे होते. म्हणून जाणते लेखक १६६३/६४ असा जोडवर्षांक लिहीत. तो शीटमध्ये भरताना तिरकी रेघ अडचणीची वाटते, मग कोणी पहिला आकडा ठेवतो, कोणी दुसरा. लूट एक वर्ष मागे जाते, आणि शाइस्तेखानावरच्या छाप्याआधी की नंतर असा प्रश्न विचारणारे चित्र तयार होते.

नंतरच्या सरकारी आकड्यांवर विसंबावे, तर तिथेही फट आहे. ब्रिटिश हिंदुस्थानचे आर्थिक वर्ष आधी १ मे पासून चाले. १८६७ पासून ते १ एप्रिलला आणले गेले. परिणामी १८६६-६७ हे वर्ष अकरा महिन्यांचेच भरले. त्या वर्षी जमा घटलेली दिसली की ओरिसातला दुष्काळ, कापसाची मंदी अशी भारदस्त कारणे शोधण्याआधी महिने मोजावेत.

१४/
आता शिवजयंतीचा विषय टाळता येत नाही. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीमुळे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी पुढे आली. त्याआधी शके १५४९ चा वैशाख प्रचलित होता. शके १५५१ ची तिथी म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तारीखवाले आणि तिथीवाले यांच्या भांडणात तारीखवाल्यांचा आवडता मुद्दा असतो, की तारीख आधुनिक आहे, निश्चित आहे. निश्चित आहे, यात शंका नाही; पण ती ज्युलियन आहे. आज भिंतीवर असलेल्या कालदर्शिकेने तो दिवस १ मार्च १६३० होता. जयंती कोणत्या दिवशी साजरी करावी हा श्रद्धेचा आणि शासननिर्णयाचा प्रश्न. १९ फेब्रुवारीला हात लावण्याचे कारण नाही. मात्र एका बाजूने 'शास्त्रीय' हा शब्द वापरताना आपल्या तारखेची पद्धत सांगण्याचे सौजन्य दाखवावे.

याची परीक्षा कोणालाही घरी करता येते. शकावलीत त्या दिवसाचा वार दिला आहे: शुक्रवार. १९०० पूर्वीच्या तारखा स्वीकारणाऱ्या ज्या शीट आजचीच पद्धत मागे ताणतात, त्यांत १९/०२/१६३० भरून वार विचारावा. उत्तर येते मंगळवार. शकावली चुकलेली नाही.

१५/
इथे दोन हरकती ठरलेल्या. पहिली: दहा-अकरा दिवसांनी काय बिघडते? एकट्या घटनेचे बहुधा काहीच बिघडत नाही. पण मोजणी ही नेहमी सीमेवर जगते. महिन्याच्या, वर्षाच्या, हंगामाच्या काठावरच्या नोंदी इकडून तिकडे गेल्या की एका खात्यात वाढ आणि शेजारच्या खात्यात घट दिसते, आणि माणसाची नजर जाते ती नेमकी वाढ-घटीवर. शिवाय युद्धे, तह, हिशेबाचे ताळेबंद हे सगळे हंगामांच्या काठावरच गोळा होतात. दसऱ्याला मोहीम निघे, मृगाला वर्ष पालटे.

हे जुन्या काळाचेच दुखणे असते, तर ते अभ्यासकांपुरते राहिले असते. १६ जून २०२० या दिवशी महाराष्ट्राने आधीच्या काळातील, नोंदीत राहून गेलेले १,३२८ करोनामृत्यू एकदम आकडेवारीत मिळवले. ते मृत्यू त्या दिवशी झाले नव्हते. त्या दिवशी मोजले गेले. 'जाहीर झाल्याची तारीख' आणि 'मृत्यूची तारीख' हे दोन रकाने ज्याच्याकडे वेगळे असतील, त्याला त्या वसंतात काय झाले ते दिसेल. ज्याच्याकडे एकच रकाना असेल, त्याला जूनच्या मध्यावर एक भयंकर दिवस दिसेल आणि त्याआधीचे दिवस होते त्यापेक्षा सुसह्य वाटतील. ती माणसे होती. कोणत्या दिवसाखाली ती मोजायची हे कोणीतरी ठरवले. शंभर वर्षांनी मराठी इतिहासाचा विद्यार्थी या आकड्यांवर प्रबंध लिहील तेव्हा त्याच्यापुढे नेमका शुहूर सनाचाच पेच असेल.

१६/
दुसरी हरकत उलट्या बाजूची, आणि ती अधिक ऐटीत घेतली जाते: इतिहासात मोजणी हवीच कशाला? मोडी वाचा, कागदाचा गंध घ्या, शीट कारकुनांना सोडा. या मंडळींनी पेशव्यांचे दफ्तर कधी उघडून पाहिले आहे का, अशी शंका येते. ते दफ्तर मुळात कारकुनांचेच आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद: रोजच्या नोंदी तारखेने लिहायच्या, मग खात्यांत वाटायच्या, मग गोषवारा काढायचा, मग वर्षाचा मेळ घालायचा. 'अमुक मुदतीत अमुक बाबीखाली किती' हा प्रश्न त्या कागदांना दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीपासून विचारला जातो आहे. फडणिशीतला कारकून काउंटइफ्सविना काउंटइफ्सच करत होता. फरक इतकाच, की तो हिशेबाच्या डोक्यावर आधी सन लिही, तोही शब्दांत, म्हणजे अंकात खाडाखोड करायला जागा राहू नये. आजच्या स्तंभालेखाच्या डोक्यावर एक तलवार आणि एक भगवा झेंडा असतो. सन कोणता, ते नसते.

१७/
तेव्हा मोजावे, जरूर मोजावे. पण शीट आखताना तारखेचा एक रकाना पुरत नाही. कागदावर जसे आहे तसे, छ-सकट, तिथीसकट, अक्षरशः एका रकान्यात, मजकूर म्हणूनच. दुसऱ्यात गणना कोणती: शुहूर, शक, हिजरी, ज्युलियन, ग्रेगरियन. तिसऱ्यात साल कागदाचे की संपादकाचे. चौथ्यात ही तारीख कशाची: घटनेची, लिहिण्याची की पोहोचण्याची. दिल्लीहून पुण्याला बातमी यायला दिवस लागत. पराभवाची तारीख आणि पराभव कळल्याची तारीख या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पेशव्यांच्या निर्णयांचा विचार करताना दुसरीच महत्त्वाची.

१२/०१ आणि ०१/१२ हा घोळही इथेच मिटवावा. अमेरिकी पद्धतीवर ठेवलेले यंत्र बाराच्या आतल्या दिवसांचे महिने उलटे करते आणि तेरापासून पुढच्या दिवसांना मजकूर मानते. म्हणजे यादीचा एक तुकडा चुकतो, दुसरा गळतो. महिना अक्षरांत लिहिला की प्रश्न उरत नाही. शुहूर सन शब्दांत लिहिणाऱ्याला हे कळले होते.

१८/
आणि शेवटचा रकाना: दिवसाचा सलग क्रमांक. खगोलशास्त्रज्ञ यासाठी ज्युलियन दिवसांक वापरतात. नाव ज्युलियन असले तरी तो कोणत्याही कालदर्शिकेचा नाही. इसवी सनापूर्वी ४७१३ पासून मोजत आणलेला नुसता दिवसांचा आकडा. जंत्री उघडून मूळ तारखेवरून तो एकदा काढला, की एक्सेलच्या दृष्टीने ती साधी संख्या असते. १९०० ची अडचण नाही, लीप वर्षाची नाही, मध्यरात्रीच्या फटीचीही नाही. 'पासून' आणि 'पर्यंत' या अटी निमूट काम करतात. मोडकांची जंत्री आणि खरे जंत्री ग्रंथालयांत आहेत.

शिवजन्माचा दिवसांक २३१६४६५. त्याला सातने भागले की बाकी ४ उरते. बाकी शून्य म्हणजे सोमवार धरला, तर ४ म्हणजे शुक्रवार, शकावलीत दिलेला तोच. पानिपतचा २३६४२६६; बाकी २, बुधवार. दोहोंमध्ये ४७,८०१ दिवस. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आजच्या पद्धतीची समजून शीटमध्ये भरली, तर हेच उत्तर ४७,८११ येते.